सोळा आण्यांची माती

कर्जतकडे जाणारी गाडी बदलापूर सोडते आणि इमारतींची रांग जरा विरळ होते. वांगणी येईपर्यंत रुळांच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे दिसू लागतात. आश्विन सरत आलेला असतो. हळवे भात कापून झालेले, निमगरवे पिवळे होऊन विळ्याची वाट पाहत उभे. या उभ्या भातात मध्येच एखादे खाचर असे दिसते की रात्री त्यावर गुरांचा कळप लोळून गेला असावा. भात आडवे झालेले, लोंब्या चिखलात. परवा अशाच एका खाचराकडे बोट दाखवून डब्यातले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "युरिया! दुसरे काय? मुठीने टाकायचा तो पोत्याने ओततात. अडाणी लोक!" शेजाऱ्याने मान हलवली, पिशवीतून चिवड्याची पुडी काढली आणि दोघांनी मिळून ती संपवली.

चिवड्यातले पोहे ज्या पिकातून निघतात त्या पिकाचा हा न्यायनिवाडा वांगणी स्टेशन येण्याच्या आत झाला. माझे भांडण त्या गृहस्थांशी नाही. त्यांच्या वाक्यातल्या शेवटच्या विशेषणाशी आहे. ते विशेषण मी सभांतून ऐकले आहे, अहवालांतून वाचले आहे. अहवालात त्याला जरा इस्त्री केलेली असते आणि 'शेतकऱ्यांमधील जागृतीचा अभाव' असे त्याचे रूप होते, एवढाच फरक.

गृहस्थांचे रसायन अर्धे बरोबर होते, हे आधी कबूल केले पाहिजे. भाताला नत्र जास्त झाले की ते काळेशार हिरवे होते, उंच वाढते, आणि त्याचा दांडा पोकळ नि मऊ राहतो. लोंबी भरू लागली आणि परतीच्या पावसाची एक सर आली की पीक बसते. त्याच मऊ हिरव्या पानावर करपा येतो, बुंध्याशी तपकिरी तुडतुडे जमतात. शिवाय टाकलेल्या नत्रापैकी भाताच्या मुळांना लाभते ते जेमतेम तिसरा हिस्सा, फार तर चाळीस टक्के. उरलेले हवेत उडते, पाण्याबरोबर वाहते किंवा खाली झिरपते. तेव्हा युरिया वाया जातो, पीक लोळते, पैसा बुडतो, हे सारे खरे. प्रश्न असा की हे शेतकऱ्याला कळत नाही म्हणून होते काय?

ज्याचे भात लोळते त्याला ते डब्यातल्या गृहस्थांच्या आधी दिसते. त्याला ते कापावे लागते. आडवे भात कापायला मजूर दुप्पट लागतात आणि दाणे चिखलात उगवू लागतात, ही गोष्ट त्याला कुणी पुस्तिका छापून सांगावी लागत नाही. त्याला एवढेच ठाऊक नसते की आपल्या ह्या खाचराला, ह्या वर्षी, नेमके किती पुरे. आणि हे त्याला ठाऊक नाही याचे कारण ते कुणी त्याला कधी सांगितलेले नाही.

"वा! मृदा आरोग्य पत्रिका आहे की," असे कुणी म्हणेल. आहे, आणि कल्पना चांगली आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगढ येथे पंतप्रधानांनी ही योजना सुरू केली. पहिल्या दोन फेऱ्यांत देशभर बावीस कोटींवर पत्रिका वाटल्या गेल्या. मातीतले नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, आम्लता, क्षार आणि सेंद्रिय कर्ब अशा बारा गोष्टी तपासून शेतकऱ्याच्या हाती कागद द्यायचा, आणि त्या कागदाप्रमाणे त्याने खत टाकायचे. कागदावर ही योजना निर्दोष आहे. दोष सुरू होतो तो माती उचलण्यापासून.

अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते. गेल्या जत्रेत एक वयस्क शेतकरी भेटले. बदलापूरच्या पलीकडे त्यांची वीस गुंठे भातजमीन उरली आहे. बाकीची इमारतीखाली गेली. मी माती-खतांवर काहीबाही लिहितो असे कुणीतरी त्यांना सांगितले होते. त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पत्रिका काढली, उलगडली आणि मला विचारले, "दादा, ही माती कंची? बांधावरची का बांधाखालची?"

मी पत्रिका पाहिली. तिच्यावर त्यांचे नाव होते, गट क्रमांक होता, बारा आकडे होते. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नव्हते, कारण नियमच असा होता की बागायती भागात अडीच हेक्टरांच्या चौकोनातून एक नमुना घ्यावा आणि पावसाच्या भागात दहा हेक्टरांच्या चौकोनातून एक. आपले कोकणातले भात पावसाचे. दहा हेक्टर म्हणजे जवळजवळ हजार गुंठे. वीस-तीस गुंठ्यांचे धनी जिथे आहेत तिथे एका चौकोनात तीस-चाळीस खातेदार सहज बसतात. त्या सर्वांच्या मिळून एका जागची माती उचलायची, आणि तीस-चाळीस जणांना तोच बाराआकडी कागद वेगवेगळ्या नावाने द्यायचा. एकाच घरातल्या आजोबा, सून आणि तान्ह्या मुलाची मिळून एकदाच नाडी पाहावी आणि तिघांना एकच काढा लिहून द्यावा, तसाच हा प्रकार.

आणि हा प्रदेश काही गंगेच्या काठच्या सपाटीसारखा नाही. येथे डोंगराच्या उतारावर वरकस जमीन, तिच्यात नागली-वरी. तिच्याखाली पायरीपायरीने उतरणारी खाचरे. तळाला ओढ्याकाठची गाळाची जमीन. वरच्या पायरीवर वीतभर मुरमाड माती, खालच्या पायरीवर कमरेएवढी चिकण. वरच्या खाचरातले नत्र पावसाने धुऊन खालच्या खाचरात उतरते. म्हणजे वरच्याला जे कमी पडते तेच खालच्याला जास्त होते, आणि दोघांच्यामध्ये अंतर एका बांधाचे! म्हातारबाबांनी "बांधावरची का बांधाखालची" असे विचारले ते उगीच नव्हे. तो एक प्रश्न त्या चौकोनवाल्या नियमापेक्षा अधिक शास्त्रीय होता.

सरकारला हे कळले नाही असे नाही. २०१९-२० साली प्रत्येक तालुक्यातून एकेक गाव निवडून, चौकोन बाजूला ठेवून, ज्याच्या त्याच्या शेतातून शेतकऱ्याच्या समक्ष नमुना घेण्याचा प्रयोग झाला. हेच पहिल्या दिवशी व्हावयास हवे होते. "इतक्या लहान लहान तुकड्यांची माती कोण खणणार? मनुष्यबळ कुठे? खर्च किती!" असा आक्षेप येतो, आणि तो घेणारी माणसे प्रामाणिक असतात. त्यांना मी इतिहासातले एक उदाहरण देतो.

१८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी मोजणी सुरू केली. तिचे नियम पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. त्या नियमांप्रमाणे प्रतबंदी करणारा कारकून शेतात जाई, शेताचा आराखडा काढून त्याचे सारखे भाग पाडी, आणि प्रत्येक भागात माती खणून तिची खोली हातांनी मोजी. पावणेदोन हात खोल, काळी, एकजीव माती म्हणजे सोळा आणे. खोली कमी होईल तसे आणे कमी, खाली दोन आण्यांपर्यंत. एवढ्यावर भागत नसे. चुनखडीचे खडे आहेत काय, वाळूची भेसळ आहे काय, जमीन उताराची आहे काय, मातीला धर नाही काय, पाणी मुरत नाही काय, लोंढ्याने धुपते काय, पाणी साचून राहते काय, हे एकेक दोष पाहून आराखड्यात त्याची खूण करायची, आणि दर दोषाला एक प्रत उतरवायची. कोकणातल्या भातजमिनींसाठी वेगळे कोष्टक होते, कारण तेथे पाणी टिकण्याला महत्त्व. १८५० नंतरच्या दशकात ही मोजणी आपल्या ठाणे-कल्याणकडेही आली. आजच्या सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून जो आकडा असतो त्याचे मूळ या खणण्यात आहे.

मोटार नाही, प्रयोगशाळा नाही, संगणक नाही. कारकुनाच्या हाती कुदळ, दोरी आणि कागद. आणि तरीही इलाख्यातल्या जवळजवळ प्रत्येक सर्वे नंबरची माती भागाभागाने खणली गेली. का? तर तिच्यावर शेतसारा बसवायचा होता म्हणून. रयतेकडून घ्यायचे होते तेव्हा सरकारला बांधाबांधावरची माती आण्या-पैपर्यंत ठाऊक होती. रयतेला द्यायची वेळ आली तेव्हा हजार गुंठ्यांना एक नमुना पुरेसा झाला! परके सरकार जाऊन स्वकीयांचे आले यालाही आता पाऊणशे वर्षे उलटली. मनुष्यबळाचे कारण सांगणाऱ्यांनी त्या कुदळवाल्या कारकुनाची तरी आठवण ठेवावी.

शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याची खोडही त्याच काळापासूनची. आपल्याकडे भाताचे रोप टाकण्याआधी पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून राब भाजतात. जंगलखात्याला ही नासाडी वाटली. फांद्या तोडण्यावर बंधने आली. ठाणे-कुलाब्यात त्यावरून एवढा असंतोष माजला की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी एक फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचाच रासायनिक अभ्यास करून १९१२ साली तो प्रसिद्ध केला. ज्याला रानटी रीत म्हटले जात होते तिच्यात मातीच्या भाजणीने रोपाला अन्न मोकळे करून देणारी काही युक्ती आहे, हे तेव्हा कागदावर आले. राब जाळावाच असे मी म्हणत नाही. त्यात पाला जातो, धूर होतो, आणि आता त्याहून बऱ्या रीती आहेत. पण 'का करतोस?' हे आधी पुसावे आणि 'करू नकोस' हे मग सांगावे, एवढा क्रम पाळायला आपल्या विद्वानांना पंचवीस वर्षे लागली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच काळात. त्यात त्यांनी जंगलखात्यावर कोरडे ओढले आणि त्याचबरोबर शेतातली माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे कसे घालावेत हेही सांगितले. टीका आणि तोडगा एकाच पुस्तकात.

आता दुकानात चला. शेतकऱ्याला खताची शिफारस दोन ठिकाणांहून मिळते: एक पत्रिकेवरून, दुसरी किमतीवरून. युरियाची पंचेचाळीस किलोंची पिशवी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. म्हणजे किलोला सहा रुपयेसुद्धा नाहीत. किराणा दुकानातले पुडीचे मीठ याहून कितीतरी महाग. डीएपीची पन्नास किलोंची पिशवी १३५० रुपयांना. एप्रिल २०१० मध्ये सरकारने अन्नघटकांवर आधारित अनुदानाची पद्धत आणली आणि युरियाला तिच्याबाहेर ठेवले. त्याआधी डीएपीचे पोते पावणेपाचशेच्या आत मिळे. तेव्हापासून स्फुरद-पालाशाच्या किमती बाजाराबरोबर चढल्या, आणि युरियाचा मूळ भाव २०१२ पासून जवळजवळ जागचा हललेला नाही. याचा परिणाम समजायला कृषिपदवी लागत नाही. नत्र-स्फुरद-पालाश यांचे प्रमाण चार-दोन-एक असावे असे आपण भिंतींवर रंगवतो, आणि प्रत्यक्षात अलीकडच्या वर्षांत देशाच्या वापरातला पहिला आकडा दहाच्या वर गेला आहे.

एका हाताने कागद द्यायचा की 'नत्र कमी कर', आणि दुसऱ्या हाताने नत्र मिठाहून स्वस्त विकायचे. मग शेतकऱ्याने दुसऱ्या हाताचे ऐकले की त्याला अडाणी म्हणायचे. २०२२-२३ या एका वर्षात खतांच्या अनुदानावर केंद्र सरकारचे सुमारे अडीच लाख कोटी रुपये गेले. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी तीन वर्षांकरिता पाचशे अडुसष्ट कोटींची तरतूद होती. खत पोचवण्यासाठी किती आणि ते कुठे टाकायचे हे सांगण्यासाठी किती, हा हिशेब वाचकांनी फराळ करता करता घालून पाहावा. युरिया महाग करा असे म्हणणारा मी नव्हे. लहान शेतकऱ्याच्या गळ्याला एका रात्रीत फास लागेल. पण युरिया आणि इतर खते यांच्यातली ही दरी हळूहळू, अनुदान इकडचे तिकडे वळवून कमी करता येते.

बरे, पत्रिका अगदी बरोबर असली तरी ती कोणत्या भाषेत बोलते? अक्षरे मराठी असतात. पण 'हेक्टरी शंभर किलो नत्र, पन्नास किलो स्फुरद, पन्नास किलो पालाश' ही काही आमच्या म्हातारबाबांची भाषा नव्हे. त्यांच्याकडे हेक्टर नाही, आणि दुकानात 'नत्र' नावाची पिशवी नाही. मी त्यांना जत्रेत एका कागदाच्या कपट्यावर हिशेब करून दाखवला. हेक्टरी शंभर किलो म्हणजे गुंठ्याला एक किलो नत्र. युरियात शेकडा ४६ भाग नत्र, म्हणून गुंठ्याला सव्वादोन किलोंच्या आतच युरिया. वीस गुंठ्यांना साऱ्या हंगामात एक पिशवी. आणि तीही एकदम नव्हे, लावणीच्या वेळी शंभरातले चाळीस भाग, फुटव्याच्या वेळी चाळीस, लोंबी पोटात असताना वीस. स्फुरदासाठी डीएपी घेतले तर वीस गुंठ्यांना बावीस किलो, म्हणजे अर्ध्या पिशवीहून कमी. डीएपीत नत्रही असते, ते वजा केले की युरिया पस्तीस किलोंवर येतो. पालाशाचे पोते वेगळे, ते मातीत किती आहे हे पाहून.

म्हातारबाबा कपट्याकडे बघत राहिले. म्हणाले, "एवढाच? मी दोन टाकतो." मग थोड्या वेळाने, "पन खालच्या खाचराला हा बी नको." त्यांना अडाणी म्हणण्याची कुणाची छाती असेल त्याने पुढे यावे. हजार गुंठ्यांच्या कागदाने जे सांगितले नाही ते त्यांनी कपट्यावरचा आकडा ऐकून स्वतःच दुरुस्त केले. माहिती त्यांच्या मापात आली, गुंठ्यात आणि पिशवीत, की बाकीचे शहाणपण त्यांच्यापाशी होतेच.

आणि उपाय काही परदेशातून आणायचे नाहीत. डॉ. एन. के. सावंत यांनी अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय खत-संशोधन संस्थेत युरिया जमिनीत खोल पुरण्यावर वर्षानुवर्षे काम केले आणि नंतर ते ज्ञान कोकणच्या खाचरात आणून 'चारसूत्री' भातशेती सांगितली. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत. गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत. ठरावीक अंतरावर चार-चार चुडांचे चौकोन. आणि प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची पावणेतीन ग्रॅमांची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल. गोळी चिखलाखाली राहते, हळू विरते, पाण्याबरोबर वाहत नाही. गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोंच्या आत. वीस गुंठ्यांना चौतीस किलो. वर सांगितलेल्या डीएपी-युरियाच्या सत्तावन्न किलोंशी ताडून पाहा. बांगलादेशातल्या भातशेतकऱ्यांनी हीच गोळी 'गुटी युरिया' या नावाने मोठ्या प्रमाणावर उचलली.

मग आपल्याकडे ती घरोघर का नाही? येथे शास्त्रज्ञांनीही थोडे ऐकून घ्यावे. वीस गुंठ्यांत साडेबारा हजार गोळ्या होतात. त्या चिखलात बोटाने एकेक खोचायच्या, तेही लावणीच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी, पावसात, कमरेत वाकून. हे काम कोण करते? लावणी करणारी बाई. पद्धत 'सोपी' आहे असे म्हणणाऱ्याने एक गुंठा खोचून पाहावा. शिवाय लावणीच्या आठवड्यात गोळी दुकानात असली पाहिजे. पुढच्या आठवड्यात आलेली गोळी फुकट. गोळी खोचायचे साधे हत्यार आणि वेळेवर मिळणारी गोळी, या दोन गोष्टींसाठी जितके डोके खर्च व्हावयास हवे होते तितके झाले नाही. जाहिराती पुष्कळ झाल्या.

तोपर्यंत निदान पानाच्या रंगाची पट्टी तरी प्रत्येक घरात असायला हरकत नव्हती. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तिचा प्रसार केला. प्लास्टिकच्या फळीवर फिक्यापासून गडदपर्यंत हिरव्या रंगाच्या चार-सहा पट्ट्या. दहा चुडांतले सर्वांत वरचे पूर्ण उघडलेले पान घ्यायचे, स्वतःच्या सावलीत धरायचे, पट्टीशी ताडायचे. जातीप्रमाणे तिसऱ्या किंवा चौथ्या पट्टीहून फिके असेल तर युरियाचा हप्ता द्यायचा, गडद असेल तर पिशवीचे तोंड बांधून ठेवायचे. मातीच्या पत्रिकेला जे सांगता येत नाही ते हे पान सांगते, कारण भाताच्या चिखलातले नत्र आठवड्या-आठवड्याला बदलते. पुस्तकाची एक प्रत छापायला जेवढा खर्च येतो तेवढ्यात ही पट्टी होते. शेतकऱ्याचा बाप नुसत्या डोळ्यांनी हेच करीत असे. पण ढगाळ दिवशी डोळा फसतो.

येथवर वाचून काही शहरी वाचक म्हणतील, "हे खत हवेच कशाला? आपले शेणखत बरे होते." हे म्हणणारे लोक मनाने फार चांगले असतात. शेणखताने माती भुसभुशीत होते, ओल धरते, कर्ब वाढतो; ते घातलेच पाहिजे. पण त्यात नत्र शेकडा अर्धा भाग. हेक्टरी शंभर किलो नत्र केवळ शेणखतातून द्यायचे तर वीस टन शेणखत हवे. वीस गुंठ्यांना चार टन. बदलापूरच्या आसपास आज कुणाच्या गोठ्यात एवढी गुरे उरली आहेत? गोठ्याच्या जागी इमारत झाली, चरणीच्या जागी इमारतीचे पार्किंग. ज्यांनी ते फ्लॅट घेतले त्यांनीच शेतकऱ्याला शेणखताचा उपदेश करावा, हे जरा चमत्कारिक दिसते. बदलापूरच्या पुढे नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा बागेत नांगरणी-चिखलणी न करता गादीवाफ्यावर भात घेण्याची रीत बसवली गेली आहे. आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजतात आणि कर्ब टिकतो. कर्जतचे भात संशोधन केंद्रही त्याच रुळावर. पाहायला जायचे असेल तर कर्जत लोकल आहेच. उपदेशाऐवजी हे पाहून यावे.

शिवमंदिराच्या पायथ्याची वालधुनी नदी या विषयात मुद्दाम आणावी लागत नाही. ती आपणच येते. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख ज्या मंदिरात आहे, त्याच्या अंगाने वाहणाऱ्या या पाण्यात कारखान्यांचे आणि कपडे रंगवण्याच्या धंद्याचे काय काय मिसळते ते उल्हासनगर-अंबरनाथच्या नाकांना ठाऊक आहे. अशा पाण्याच्या काठी किंवा रुळांकडेला जो कुणी पालेभाजी लावतो, त्याच्या मातीची पहिली चौकशी व्हायला हवी ती शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांची. पत्रिकेतल्या बारा रकान्यांत हे तिन्ही नाहीत. खत किती टाकावे ते सांगणारा कागद, मातीत दुसऱ्यांनी काय टाकले आहे याबद्दल गप्प आहे. आणि ती पालेभाजी बाजारात जाते, शेतकऱ्याच्या एकट्याच्या ताटात नव्हे.

मंदिराच्या काळ्या पाषाणाकडे पाहताना मला नेहमी वाटते की या परिसरातली खाचराची माती म्हणजे याच जातीच्या खडकाचा हजारो वर्षांचा झिजलेला चुरा. शिल्पे जपावी म्हणून आपण कुंपण घालतो, फलक लावतो. मातीची मात्र एकच गोष्ट या भागात सर्वांना तोंडपाठ असते: गुंठ्याचा भाव. स्टेशनपासून किती अंतरावर, रस्त्याला लागून की आत, बिगरशेती झालेली की व्हायची, सगळे आकडे चहाच्या टपरीवर मिळतात. त्या गुंठ्यात स्फुरद किती, हा आकडा मिळवायला मात्र मंत्रालयाचा चौकोन लागतो.

आता दिवाळी आहे. भात निघाले की खाचर मोकळे होते, आणि होळीच्या आगेमागे राब भाजेपर्यंत ते मोकळेच असते. माती घेण्याचा हाच काळ. एका खाचरातून नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडाव्यात. बांधाची, झाडाखालची, उकिरड्याजवळची सोडून. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची बोटभर जाड माती वरपासून खालपर्यंत तासून घ्यावी. सगळ्या जागांची एकत्र करून, सावलीत सुकवून, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत, असे अर्धा किलो उरेपर्यंत. वरच्या पायरीची पिशवी वेगळी, खालच्या पायरीची वेगळी. हे काम शाळेतली सातवीची मुले सुट्टीत करू शकतील. फक्त ती पिशवी कुणीतरी घ्यायला हवी, आणि तिचे उत्तर गुंठ्याच्या आणि पिशवीच्या हिशेबात, मृगाच्या आधी, गावात परत यायला हवे.

म्हातारबाबांना हे मी सांगितले तेव्हा त्यांनी पत्रिका पुन्हा प्लास्टिकमध्ये घातली. परवा, भात झोडून झाल्यावर, त्यांचा निरोप आला. दोन पिशव्या भरून ठेवल्या आहेत. एकीवर सुतळी, एकीवर लाल चिंधी. आत चिठ्ठी घातली आहे, 'वरचा' आणि 'खालचा'. विचारतात की द्यायच्या कुणाला, आणि अक्षय तृतीयेच्या आत उत्तर येईल ना.

मी दोन ठिकाणी विचारणा केली आहे. एका ठिकाणी दिवाळीची सुट्टी होती. दुसऱ्या ठिकाणच्या गृहस्थांनी अगत्याने विचारले, "चौकोन कुठला?"